मधेच तुटतंय? आधी कुणाचं तुटतंय ते बघा

बेळगावात शहापूरला आमच्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्वर चालतो, म्हणजे सगळे त्यालाच जोडून एकत्र खेळतात. संध्याकाळी त्यावर सात-आठ जण असतात. खानापूरचा मावसभाऊ, निपाणीची आत्तेबहीण, चंदगडचे दोघे, टिळकवाडीतले धाकट्या भावाचे वर्गमित्र आणि पुण्याला शिकायला गेलेला मामाचा मुलगा. पहिले सहा महिने ग्रुपवर रोज एक तरी मेसेज ठरलेला असायचा: "ताई, परत बाहेर फेकलं बघ की."

त्या सहा महिन्यांत मी राऊटर बदलला, सर्वर तीन वेळा नव्याने टाकला आणि इंटरनेटचा महागडा प्लॅनही घेतला. तरी तुटायचं ते तुटतच राहिलं, कारण खरा दोष यांपैकी कशातच नव्हता. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. एरर दिसली की हाताला येईल ते बदलायला लागतो, आणि शेवटी कशाने काय झालं हेच कळेनासं होतं.

खेळाडू आणि सर्वर यांच्यामध्ये तीन टप्पे असतात: खेळाडूचं घर, मधली वाट आणि सर्वर जिथे आहे ती जागा. दोष यांपैकी कुठल्या टप्प्यात आहे हे ठरेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणं माइनक्राफ्टची आहेत, पण सर्वर कुठल्याही गेमचा असला तरी तपासायची रीत हीच. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारखा गेम कंपनीच्या सर्वरवर चालतो, तिथे सर्वर आपल्या हातात नसतो. ते खेळणाऱ्यांनी पायरी १ ते ५ आणि शेवटची, एवढंच वाचलं तरी काम होईल.

## बसण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही आणि पेन. मोबाईलमधली नोंद चालणार नाही, कारण मोबाईलच बऱ्याचदा तपासणीत गुंतलेला असतो.
- राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल. दुसऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणली तरी चालेल.
- राऊटरच्या पानाचा (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानाचा) पासवर्ड. तो बहुतेक राऊटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर असतो. नसेल तर कनेक्शन देणाऱ्याकडून मागून घ्या.
- इंटरनेटचं शेवटचं बिल, ग्राहक क्रमांक आणि कनेक्शनला जोडलेला मोबाईल नंबर.
- स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यायचा झाला तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. आपल्याकडे यात एक खास अडचण येते. बेळगाव शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर इंग्रजीत बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी असतं. अर्ज करण्याआधी बिलावरचा आणि ओळखपत्रावरचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणजे अर्ज त्या कारणाने परत यायला नको.

## १. आधी कुणाचं तुटतंय ते विचारा

कुणी बाहेर पडलं की ग्रुपवर लगेच एकच प्रश्न टाका: "बाकीचे आत आहेत का?" निम्मं काम या एका प्रश्नात होतं.

एकटाच पडला आणि बाकीचे आरामात खेळतायत, तर सर्वरला हात लावू नका. दोष त्याच्या घरात किंवा त्याच्या लाइनवर आहे. सगळेच्या सगळे एकाच क्षणी पडले, तर दोष सर्वरचा किंवा सर्वर असलेल्या घरातल्या इंटरनेटचा. दोघे-तिघेच पडले, तर त्यांच्यात समान काय आहे ते शोधा: एकच कंपनी, एकच गाव, की फोनवरचा हॉटस्पॉट? आमच्याकडे चंदगडचे दोघे नेहमी जोडीने पडायचे. त्याचं कारण पायरी ५ मध्ये येईल.

मग वहीत तीन गोष्टी लिहा: वेळ (मिनिटासकट), कोण पडलं आणि पडद्यावर आलेली एररची ओळ जशीच्या तशी. "नेट गेलं" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. शक्य असेल तर खेळाडूला त्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. असं निदान आठवडाभर लिहा. आठवडा लांब वाटतो, पण माझ्या सहा महिन्यांपेक्षा तो फारच कमी आहे.

## २. एररच्या शब्दांचा अर्थ

एररची ओळ घाईघाईत वाचून सोडून देतात, आणि खरी माहिती नेमकी तिच्यातच असते.

कनेक्शन रिफ्यूज्ड: तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या दारापर्यंत पोचलात, पण आत दार उघडायला कुणी नाही. म्हणजे सर्वर चालू नाही किंवा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, चुकलाय. माइनक्राफ्टच्या जावा या प्रकाराचा ठरलेला पोर्ट २५५६५ आणि बेडरॉक या प्रकाराचा १९१३२.

कनेक्शन टाइम्ड आउट (आत शिरताना): तुमची हाक दारापर्यंत पोचलीच नाही किंवा उत्तर परत आलं नाही. पत्ता चुकलाय, फायरवॉलने अडवलंय, कॉम्प्युटर झोपलाय किंवा सर्वर सीजीनॅटच्या मागे आहे. सीजीनॅटबद्दल पायरी ७ मध्ये.

वरच्या दोन एररमध्ये गल्लत करू नका. 'रिफ्यूज्ड' आलं म्हणजे वाट मोकळी आहे. ते आल्यावर राऊटरच्या सेटिंगशी झगडणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

टाइम्ड आउट (खेळता खेळता): सर्वर दर १५ सेकंदांनी प्रत्येक खेळाडूला "आहेस का?" असं विचारतो. उत्तर वेळेत आलं नाही की तो त्याला बाहेर काढतो. उलट खेळाडूच्या बाजूला ३० सेकंद काहीच आलं नाही, तर गेम स्वतःच जोडणी सोडतो. म्हणजे ही एरर दिसली तर इंटरनेट क्षणभर अडखळलं नव्हतं, ते चांगलं पंधरा-वीस सेकंद गप्प झालं होतं. वायफायच्या बारीक कुरकुरीने अशी एरर येत नाही, राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की येते.

कनेक्शन रीसेट: चालू जोडणी कुणीतरी मधेच तोडली. सर्वर कोसळला असेल किंवा मधल्या एखाद्या यंत्राने जोडणी विसरून टाकली असेल.

आउटडेटेड क्लायंट, आउटडेटेड सर्वर: दोघांची आवृत्ती वेगळी आहे. पहिल्यात खेळाडूची जुनी, दुसऱ्यात सर्वरची. इंटरनेटचा संबंध नाही.

फेल्ड टु व्हेरिफाय युजरनेम किंवा इनव्हॅलिड सेशन: खात्याची खातरजमा होत नाहीये. गेम आणि लाँचर पूर्ण बंद करा, साइन आउट करून पुन्हा आत या. तरी होत नसेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की करंट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि चुकीच्या तारखेमुळे कुठलंच लॉगिन खरं ठरत नाही. टिळकवाडीच्या एका मुलाचे दोन दिवस यात गेले. सेल बदलायला पाच मिनिटं लागली.

ही एरर टाळायला सर्वरचा 'ऑनलाइन मोड' बंद करा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. तो मोड बंद केला की कुणीही कुणाच्याही नावाने आत येऊ शकतो, तुमच्या नावानेसुद्धा.

फ्लाइंग इज नॉट इनेबल्ड: खेळाडूने चोरी केली असं वाटतं, पण बिचाऱ्याचं नेट नुसतं अडखळलेलं असतं. उडी मारताना लॅग आला की सर्वरला तो हवेत तरंगताना दिसतो आणि बाहेर काढला जातो. ओळखीच्यांचा सर्वर असेल तर सर्वर डॉट प्रॉपर्टीज या फाइलमधलं 'अलाउ फ्लाइट' ट्रू करा.

## ३. तीन पिंग

आता टप्पा ठरवायचा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. ज्याचं तुटतंय त्याने आपल्या कॉम्प्युटरवर हे करायचं. विंडोजमध्ये स्टार्टवर सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथे पिंग, जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एन, जागा, २००, जागा आणि शेवटी पत्ता. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. दोनशे वेळा विचारायला सुमारे साडेतीन मिनिटं लागतात. चार वेळा पिंग करून "सगळं ठीक आहे" म्हणू नका, चार वेळांत दोष सापडत नाही.

पहिला पिंग स्वतःच्या राऊटरला. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

दुसरा बाहेरच्या जगाला, म्हणजे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला.

तिसरा गेमच्या सर्वरला.

तिन्ही एकाच वेळी तीन खिडक्यांत चालू ठेवा आणि खेळत राहा. तुटलं की बघा.

पहिल्यातच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर दोष घरात आहे: वायफाय, केबल किंवा राऊटर. कंपनीला फोन करायची गरज नाही. पहिला स्वच्छ पण दुसरा खराब, तर दोष लाइनचा. पहिले दोन स्वच्छ आणि फक्त तिसरा खराब, तर सर्वरकडे जाणारी वाट किंवा सर्वर. तिन्ही स्वच्छ असून खेळ तुटतोय, तर इंटरनेट सोडा आणि आवृत्ती, मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेली भर), सर्वरची मेमरी याकडे वळा.

इथे दोन सापळे आहेत. काही सर्वर पिंगला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलेले असतात. तिसऱ्या खिडकीत पहिल्यापासून एकही उत्तर नसेल आणि खेळ चालत असेल तर तो दोष समजू नका. दुसरा सापळा ट्रेसराउटचा, म्हणजे वाटेतले टप्पे एकेक करून दाखवणाऱ्या आज्ञेचा. त्यात मधल्या एखाद्या टप्प्यावर फुल्या दिसल्या की लोक घाबरतात. पुढचे टप्पे उत्तर देत असतील तर मधल्या फुल्यांना अर्थ नाही.

पिंगचा आकडा किती असावा? प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन कमीत कमी ५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात मधल्या यंत्रांमुळे आकडा वाढतोच. सिंगापूर चार हजार किलोमीटरच्या घरात, तिथे ४० च्या खाली जाणं शक्यच नाही. म्हणून भाड्याचा सर्वर घेताना जागा मुंबई निवडा. पण नुसत्या मोठ्या आकड्याने कुणी बाहेर फेकलं जात नाही. सतत ९० असलेला पिंग चालतो. २० वरून ८०० वर उडणारा चालत नाही.

## ४. घरातला दोष

शहापूर, वडगाव, अनगोळकडची जुनी घरं आणि खानापूरकडची चिऱ्याची घरं वायफायसाठी कठीण असतात. हातभर जाड भिंत असली की ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत जवळजवळ पोचतच नाही. २.४ गिगाहर्ट्झ पोचतं, पण त्यावर शेजाऱ्यांचे सगळे राऊटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा असतो. एक संध्याकाळ लॅन केबल लावून खेळा. तुटायचं थांबलं तर उत्तर मिळालं. मग केबल कायमची ओढून घ्या, १०० मीटरपर्यंत तिला काही होत नाही.

घरात कुणी मोठे व्हिडिओ अपलोड करत असेल किंवा फोनचा बॅकअप चालू असेल तर तेवढ्या वेळात पिंग उडतो. तेही वहीत वेळेवरून सापडतं.

आता आमच्याच घरची गोष्ट सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात ती बऱ्याच घरांत घडत असणार.

सर्वर आमच्या घरी, त्यामुळे तुटलं की सगळे एकदम पडायचे. महिनाभराच्या नोंदी घेऊन मी वही उघडली. वेळा सकाळी साडेसहा ते आठ आणि कधी संध्याकाळी सात ते साडेआठ. पण रोज नाही. तीन-चार दिवस एकदम शांत, मग एका दिवशी पाच-सहा वेळा. मी त्या तारखा आईला वाचून दाखवल्या. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे तर पाण्याचे दिवस."

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. आलं की आमची मोटर चालू होते, शेजारच्यांची चालू होते, समोरच्यांचीही. मोटर सुरू होताना क्षणभर दाब पडतो, दिवा मिणमिणतो. पंखा चालूच राहतो, टीव्हीही चालू राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण राऊटरचा छोटा अडॅप्टर तेवढ्यानेही दम टाकतो आणि राऊटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि सर्वर इतका वेळ कुणासाठी थांबत नाही.

याची खात्री कशी करायची? राऊटरच्या पानावर 'सिस्टम अपटाइम' असतो, म्हणजे राऊटर किती वेळ अखंड चालू आहे. पुढच्या पाण्याच्या दिवशी सगळे पडले त्या क्षणी मी घड्याळ बघितलं: सात वाजून दोन मिनिटं. सात-पाचला पान उघडलं. अपटाइम ०० तास ०२ मिनिटं ११ सेकंद. त्या आकड्याने सहा महिन्यांचा गोंधळ मिटला.

उपाय म्हणजे राऊटरचा मिनी यूपीएस. घेताना अडॅप्टरवरची चिठ्ठी वाचा: बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ चेही असतात. व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. फायबरची पेटी आणि वायफाय राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना यूपीएस लागतो. एकालाच लावून उपयोग नाही, ही चूक मी केली. सर्वरचा कॉम्प्युटरही साध्या यूपीएसवर ठेवा, नाहीतर करंट गेल्यावर जगाची फाइल अर्धवट लिहिली जाऊन खराब होते. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्यांनी तर हे आधी करावं.

## ५. मोबाईलवरून खेळणारे आणि सीमेवरची गंमत

चंदगडचे दोघे हॉटस्पॉटवर खेळायचे. चंदगड महाराष्ट्रात, पण त्यांची सिमं बेळगावात घेतलेली. आपल्या सीमाभागात फोनला एकाच जागी बसून दोन राज्यांचे टॉवर मिळू शकतात. दूरसंचाराच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं. फोन एका सर्कलच्या टॉवरवरून दुसऱ्यावर गेला की इंटरनेटची जोडणी नव्याने होते, पत्ता बदलतो आणि चालू खेळ तुटतो. माणूस जागचा हललेला नसतो, त्यामुळे त्याला कळतच नाही.

फोनवर कंपनीच्या नावाच्या जागी मधेच रोमिंगची खूण उमटते का ते बघा. तसं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि ज्याचा सिग्नल स्थिर आहे ते हाताने निवडा. चंदगडच्या दोघांनी तेवढंच केलं. गावाबाहेर निघालात की ते पुन्हा आपोआपवर टाकायला विसरू नका, नाहीतर फोन लागणार नाही. कोगनोळी, उचगाव, शिनोळीकडच्या लोकांनीही हे तपासावं.

कॉल आला की खेळ तुटतो? मग फोनच्या सेटिंगमधलं व्होल्टी (४जीवरूनच कॉल घेण्याची सोय) चालू करा. ते बंद असेल तर कॉल घेण्यासाठी फोन ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर जातो. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

आणखी एक, नवीन मुलांचा हमखास गोंधळ: फोनवरचं माइनक्राफ्ट बेडरॉक असतं. ते जावाच्या सर्वरला थेट जोडलं जात नाही. त्यासाठी सर्वरवर गायझर नावाची जोडणी टाकावी लागते. त्याशिवाय पोरगं कितीही वेळा प्रयत्न करो, होणार नाही.

## ६. सर्वरचाच दोष असेल तर

सर्वरच्या फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात लेटेस्ट डॉट लॉग. सगळे पडले ती वेळ वहीतून घ्या आणि त्या मिनिटाच्या वरच्या पन्नास ओळी वाचा.

'कान्ट कीप अप' असं दिसलं तर सर्वरला काम झेपत नाहीये. माइनक्राफ्ट सेकंदाला २० ठोके चालतो, प्रत्येक ठोक्याला ५० मिलिसेकंद. काम त्यापेक्षा जास्त झालं की मागे पडतो. एक ठोका ६० सेकंदांपर्यंत लांबला तर सर्वरमधलाच एक पहारेकरी प्रोग्राम समजतो की सर्वर मेला, आणि तो स्वतःच सर्वर बंद करतो. सगळे एकदम पडतात.

पहिला उपाय व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे खेळाडूला किती दूरपर्यंतचं जग दिसतं ते. तो मुळात १० असतो, ६ किंवा ७ करा. खेळाडूंना फारसा फरक दिसत नाही, सर्वरचं ओझं मात्र पुष्कळ कमी होतं. दुसरा, साध्या सर्वरऐवजी पेपर नावाचा सर्वर प्रोग्राम वापरा. तिसरा, नवीन प्रदेशात धावत सुटणारा एक खेळाडू सगळ्यांना त्रास देतो, कारण सर्वरला जग त्याच क्षणी तयार करावं लागतं. चंकी हे प्लगइन रात्री चालवून जग आधीच तयार करून ठेवा.

दर पाच मिनिटांनी ठरल्यासारखा झटका येत असेल तर ते ऑटोसेव्ह. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ते फार जाणवतं. जग एसएसडीवर हलवा.

मेमरीबद्दल उलटी चूक होते. कॉम्प्युटरमध्ये ८ जीबी रॅम असली तर लोक सर्वरला आठच्या आठ देऊन टाकतात. विंडोजला काहीच उरत नाही आणि सगळंच रांगतं. चार द्या. सात-आठ जणांना, मोठे मॉड नसतील तर, पुरते.

अपडेटनंतर सर्वर सुरूच होत नसेल तर जावाची आवृत्ती बघा. माइनक्राफ्ट १.१८ ला जावा १७ लागतं, १.२०.५ ला २१.

## ७. बाहेरचे आत येऊच शकत नाहीत

घरातले खेळतात आणि बाहेरच्यांना 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं, तेव्हा हे क्रमाने बघा.

सर्वरच्या कॉम्प्युटरचं झोपणं बंद आहे का? विंडोज फायरवॉलमध्ये जावाला परवानगी आहे का? राऊटरवर पोर्ट पुढे पाठवलाय का, आणि योग्य प्रकारचा? जावाला टीसीपी लागतं, बेडरॉकला यूडीपी. कॉम्प्युटरचा घरातला पत्ता बदलत असेल तर राऊटरमध्ये तो राखून ठेवा, नाहीतर करंट गेल्यानंतर पोर्ट दुसऱ्याच कुणाकडे, बहुधा टीव्हीकडे, जात राहतो.

एवढं सगळं बरोबर असून होत नसेल तर सीजीनॅट. कंपनीकडे आयपी पत्ते कमी असतात, म्हणून ती एकच पत्ता बऱ्याच घरांना वाटून देते. राऊटरच्या पानावरचा वॅन आयपी (राऊटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग पोर्टची कितीही सेटिंग करा, बाहेरून कुणी येऊ शकणार नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांनी यावर महिना घालवला.

त्यावर तीन वाटा आहेत. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घेणं. झीरोटियर किंवा टेलस्केलसारखं खाजगी जाळं बांधणं, ते फुकटात होतं पण प्रत्येक खेळाडूला ते टाकावं लागतं. किंवा मुंबईतला सर्वर भाड्याने घेणं. घरची सात-आठ माणसंच असतील तर मी दुसरी वाट सुचवेन. त्यात तुमच्या घरचा आयपी जगासमोर उघडा पडत नाही.

एक नेहमीची फसवणूक: स्वतःच्या घरातून स्वतःचाच बाहेरचा आयपी टाकून तपासू नका. बरेच राऊटर ते होऊ देत नाहीत आणि सगळं बरोबर असतानाही चुकलं असं वाटतं. घरातून घरातलाच पत्ता वापरा, बाहेरची तपासणी मित्राला करायला सांगा.

## ८. लाइनचाच दोष असेल तर तक्रार

पायरी ३ मध्ये दुसरा पिंग खराब आला असेल तरच हे करा.

फायबरच्या पेटीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तार तुटलीय किंवा वाकलीय. राऊटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा असतो, उणे चिन्हासकट. तो उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे २९ असा असेल तर प्रकाश फारच क्षीण येतोय. त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. स्लो म्हटलं की ते स्पीड टेस्ट करायला लावतात, ती बरोबर येते आणि तक्रार तिथेच बंद होते. असं सांगा: "राऊटरला पिंग स्वच्छ आहे, बाहेर २०० पैकी इतके हरवले, अमुक तारखांना अमुक वेळेला, ऑप्टिकल पॉवर इतकी." तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तिथे हा क्रमांक लागतोच.

घरी येणारा लाइनमन बऱ्याचदा कन्नड बोलणारा असतो. "नेट कट आगतैती" एवढं म्हणून वही पुढे केली की बाकीचं आकडे सांगतात. आमच्याकडे आलेल्या अण्णांनी वही बघितली, खांबावर चढले आणि पावसाने सुटलेला एक जोड नव्याने केला.

ते खाली उतरले की लगेच सही करू नका. त्यांना चहा द्या आणि तोवर त्यांच्यासमोरच २०० चा पिंग पुन्हा लावा. साडेतीन मिनिटं लागतात. एकही हरवला नाही तरच आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी त्यांना द्या.